शिवेच्या पल्याड काय असतं?

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या परभणीकडच्या हवेला वेगळाच वास लागतो. कोरडा, भुशाचा, घशात खवखवणारा. परवा एसटीनं पोखर्णीच्या पुढं जाताना तो खिडकीतून आत आला. सडकेच्या कडेला शेतात हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, लावलेला होता. त्याच्या तोंडून पिवळा धुरळा उडत होता आणि सोयाबीन आत लोटणाऱ्या बायकांनी डोकं, नाक, तोंड सगळं फडक्यात गुंडाळलं होतं. उघडे होते ते फक्त डोळे. शेजारच्या माणसानं खोकत खिडकी ओढून घेतली, तरी मी काचेतून त्या डोळ्यांकडे बघत राहिले.

दरवर्षी या दिवसांत मला एकच वर्ष आठवतं. त्या वर्षी माझ्या मायनं एक प्रश्न विचारला होता: या जगाला, म्हणजे या सगळ्या आभाळाला, कुठं शेवट आहे का? अर्धा पावसाळा आणि अख्खी सुगी तो प्रश्न आमच्या गावात मुक्कामाला होता. बायका निंदायला जाताना त्यावर बोलायच्या. मी परभणीतल्या शाळेत विज्ञान शिकवते. ‘विश्व’ नावाचा धडा मी इतक्यांदा शिकवला आहे की तो शिकवताना पुस्तक उघडावं लागत नाही. पण त्या वर्षापर्यंत तो प्रश्न मला कधी पडलाच नव्हता, हे मला मायमुळं कळलं.

माझी माय, सोजर, शाळेत गेलेली नाही. लहानपणी कापसाची पऱ्हाटी उपटताना वाळली काडी तिच्या डाव्या डोळ्यात घुसली आणि तो डोळा कायमचा गेला. पुढचं सगळं आयुष्य तिनं उजव्या डोळ्यावर बघितलं. निंदणं, वेचणं, सुईत दोरा ओवणं, आमच्या डोक्यातल्या उवा काढणं, माझ्या बाबांची शेवटची दोन वर्षांची आजारपणं. बाबा गेल्यावर ती गावातच राहिली. भाऊ पुण्याला कंपनीत, मी परभणीत. दोघांकडेही ती पाहुणीसारखी यायची आणि चार दिवसांत पिशवी भरून दारात उभी राहायची. “तिकडं गयाबाई एकटी पडली आसंल,” म्हणायची. गयाबाई म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण. चार एकरवाली कुणब्याची बाई, खळखळून हसणारी. तिला तीन सुना, सात नातवंडं. ती एकटी कधीच पडली नसती.

मग त्या एकुलत्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. आधी माय तांदळातले खडे सोडून द्यायला लागली, मग माणसं आवाजावरून ओळखायला लागली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून भिंग बसवू, रोजचं काम आहे. माय ऐकेना. मी समजावलं, भावानं फोनवर समजावलं, गयाबाईनं तर शिव्याही दिल्या. मायचं एकच म्हणणं होतं.

“दोन असते तर एक दिला असता बाई. एकच हाय. त्यो बी त्यांच्या हातात देऊन बसू का?”

शंभरातले बहुतेक डोळे बरे होतात हे मला माहीत होतं. पण तिच्याकडे शंभर डोळे नव्हते.

आषाढी पौर्णिमेला आमच्या विहारात वर्षावास सुरू होतो. तेव्हापासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी ग्रंथाचं वाचन असतं. विहार पत्र्याचा आहे, त्यामुळे पावसाची सर आली की वाचणाऱ्याला ओरडावं लागतं, आणि फारच जोराची आली तर सगळे गप्प बसून पाऊस ऐकतात. वाचन नामदेवकाका करायचे. ते एसटीत ड्रायव्हर होते, आता विहाराची सगळी देखभाल तेच बघत. शनिवारी मी गावाकडे आले की रविवारचं वाचन माझ्याकडे. माय पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसायची. गयाबाईही यायची, पण आत न येता पायरीवर बसायची. आत या म्हटलं की, “इथं वारं लागायलंय,” म्हणायची. भिजली तरी तिथंच बसायची.

एका रविवारी वाचनात एक भाग आला. तथागतांना कुणीतरी विचारतं, हे जग कायम टिकणारं आहे की नाही, त्याला अंत आहे की ते अनंत आहे? आणि तथागत उत्तर देत नाहीत. मी वाचून पान उलटणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतून मायचा आवाज आला.

“थांब. गप का बसले?”

वाचनात मध्येच कुणी बोलत नसे. नामदेवकाकांनी चष्म्यावरून बघितलं. “वैनी, वाचन झाल्यावर इचारा.”

“झाल्यावर इसरंल मी. गप बसले म्हंजी, म्हाईत नव्हतं का सांगायचं नव्हतं?”

विहारात हशा पिकला. काका मात्र गंभीर माणूस. त्यांनी शांतपणे समजावलं. माणसाला बाण लागलाय, रक्त वाहायलंय, आणि तो म्हणतोय की बाण कुणी मारला, धनुष्य कोणत्या लाकडाचं, ते आधी सांगा, मग बाण काढा. तोवर तो मरून जाईल. आधी बाण काढायचा. दुःख आहे, ते कशानं जाईल ते बघायचं. आभाळाचा शेवट कळून कुणाचं दुःख कमी झालंय?

काका छान बोलले. लोकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झालं, आता पुढं वाचावं. पण मायचं समाधान झालं नव्हतं. ती म्हणाली, आणि हे ती भांडणाच्या सुरात अजिबात म्हणाली नाही, कुणी आपली हकीकत सांगावी तसं म्हणाली:

“भावजी, मी जल्मभर बाणच काढत आले. माझं, लेकरांचं, मालकाचं. आता जरा दम खाल्लाय. आता वर बघू वाटलं, तर बघू नये का?”

बाहेर रिपरिप चालू होती. काकांनी चष्मा काढला. मग हात जोडून म्हणाले, “बघावं की वैनी. बघू नका असं कुठं लिवलंय?” आणि मला म्हणाले, “शीला, तू इज्ञानाची मास्तरीण हायस. तूच सांग. हाय का शेवट?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वर्गात हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, कारण परीक्षेत येत नाही. मी म्हणाले, “नक्की कुणालाच माहीत नाही. कदाचित नसेल. कदाचित असा असेल की आपल्याला शेवट म्हणून ओळखूच येणार नाही.”

“शेवट नसंल असं कसं?” पायरीवरून गयाबाई. “परत्येक गावाला शीव असती.”

“आन शिवेच्या पल्याड दुसरं गाव असतंय,” माय म्हणाली. “शेवट म्हन्लं की त्याच्या पल्याड काय, हे आलंच.”

“पल्याड काहीच नसेल,” मी म्हणाले.

“काईच न्हाई म्हंजी मोकळं रान तरी असंल की!”

“रानसुद्धा नाही. जागाच नाही.”

जागाच नाही, हे मी किती सहज म्हणून गेले! म्हणून झाल्यावर मीच ते मनात आणायचा प्रयत्न केला आणि पाय निसटल्यासारखं झालं. घाईघाईनं मी पृथ्वीचा दाखला दिला. पृथ्वीला शीव कुठं आहे? आपल्या गावातून सरळ नाकासमोर चालत निघालं, समुद्रबिमुद्र सगळं ओलांडलं, तर कडेला कुठं पोचणारच नाही. फिरून पुन्हा आपल्याच गावात. शेवट नाही, पण ती अनंतही नाही. कदाचित विश्वही तसंच काही असेल.

“आगं मंग,” गयाबाई म्हणाली, “एसटीवाल्यांनी माघारी यायची गाडी कशाला ठिवली?”

त्या दिवशी पुढचं वाचन झालंच नाही.

त्या पावसाळ्यात मी दर शनिवारी गावाकडे जाऊ लागले. खरं कारण मायचा डोळा हेच होतं, पण बोलणं दुसऱ्याच गोष्टीचं व्हायचं. ती आठवडाभर प्रश्न साठवून ठेवायची. सूर्य ज्यात लटकलाय ते काय हाय? आंधार ही चीज हाय, का नुसतं उजेड न्हाई म्हनून आंधार? समदं जर सुरू झालंय तर त्याच्या आदल्या दिवशी काय व्हतं? मी जमेल तसं सांगायचे. परभणीत आले की रात्री जेवणं झाल्यावर वाचत बसायचे, कारण तिच्या प्रश्नांना माझा धडा पुरत नव्हता. विश्व चौदाशे कोटी वर्षांच्या आसपास जुनं आहे, ते फुगत चाललंय, दूरच्या दीर्घिका आपल्यापासून लांब लांब पळतायत. ही वाक्यं मी फळ्यावर कितीदा लिहिली होती. आता ती मायला समजतील अशी सांगायची म्हणजे आधी मला ती दिसायला पाहिजेत. भाकरी थापताना ती परातीत कशी सगळीकडून एकदम वाढत जाते, तसं काही सांगून बघितलं. माय म्हणाली, “भाकरीला कड असती. आन खाली परात असती.” बरोबर होतं. मी पुन्हा परभणीला आले, पुन्हा वाचलं.

एक गोष्ट मात्र मला त्या वाचनात फार विलक्षण वाटली. आपल्याला जेवढं विश्व दिसतं त्याला एक सीमा आहे, पण ती विश्वाची सीमा नाही. तिच्यापलीकडचा उजेड अजून आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही, इतकंच. तिथं भिंत नाही, कडा नाही. तिथं उभं राहून कुणी बघत असेल तर त्याला त्याच्याही चहूकडे तेवढंच विश्व दिसत असेल, आणि त्याच्या सीमेवर, त्याला न दिसणारे, आपण असू. मी हे वाचलं तेव्हा गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं आणि ओट्यावरून खाली आलं, तरी मी तशीच बसून होते.

भादव्यातली एक संध्याकाळ. दिवसभर पाऊस होऊन उघडला होता. ओट्यावर आम्ही तिघी बसलो होतो, माय, गयाबाई आणि मी. ढग फाटून मधूनमधून चांदण्या दिसत होत्या, धुतल्यासारख्या. दारातल्या कडुलिंबावरून थेंब पडत होते.

मी म्हणाले, “माय, तू लहान असताना किती चांदण्या दिसायच्या गं?”

“लय. खळ्यावर निजायचो ना आमी. आंगावर पडत्याल असं वाटायचं.” मग सुस्कारा टाकून म्हणाली, “आता कुठं ऱ्हायल्यात? ह्या लाइटीच्या खांबांनी समद्या गेल्या.”

गयाबाई म्हणाली, “गेल्या? आगं येडे, ह्या काय वर! ढीगभर हायत.”

मायनं मान वर केली, डावीकडे उजवीकडे फिरवली. मग खूप हळू विचारलं, “आत्ता हायत?”

“आत्ता हायत.”

“किती सालापासून मला वाटायलंय की त्या गेल्या.”

ती डोळा गमावतेय हे मला ठाऊक होतं, पण चांदण्या संपल्या असं समजून ती इतकी वर्षं जगत होती, हे ठाऊक नव्हतं. तिनं त्याबद्दल तक्रारही केली नव्हती. खांब आले, चांदण्या गेल्या, जातं गेलं, गिरणी आली, तसंच तेही. तिचं आभाळ वर्षावर्षानं खाली येत, जवळ येत, शेवटी दारातल्या लिंबापाशी येऊन थांबलं होतं आणि तिला तोच जगाचा शेवट वाटत होता. मी त्या आठवड्यात जे वाचलं होतं ते माझ्यासमोर ओट्यावर बसलं होतं.

सकाळी चहा पिताना ती म्हणाली, “पुनवंची खीर झाली की जाऊ दवाखान्यात.”

मी विचारलं, “भीती नाही वाटत?”

“वाटायलीय की. पर शेवट हाय का न्हाई ते कळंल तवा कळंल. निदान लिंबाच्या पल्याड काय हाय ते तर बघू.”

आश्विन पौर्णिमेला विहारात वर्षावासाची सांगता झाली, खीरदान झालं. दुसऱ्या दिवशी मी तिला परभणीला आणलं. ऑपरेशनच्या खोलीत नेताना तिनं माझा हात सोडला आणि नर्सचा धरला. दार बंद झालं. बाहेरच्या बाकावर बसून मी विश्वाचा विचार केला असं लिहायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. मी दाराखालच्या फटीकडे बघत होते. तिथून उजेड येत होता आणि मधूनच कुणाच्या तरी पायांनी तो तुटत होता. त्या फटीएवढंच माझं जग होतं. सगळं नीट होऊ दे, एवढंच मनात होतं. कुणाला उद्देशून ते मला सांगता येणार नाही. आमच्या घरात तसं कुणी मागत नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी विचारलं, “आजी, काय दिसतंय?” मायनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

“शिले,” ती म्हणाली, “तुझे केस कवा पांढरे झाले गं?”

मी हसले आणि रडले, दोन्ही. आम्हा दोघींनाही ते थांबवता येईना. डॉक्टर म्हणाले, रडू नका आजी, डोळ्याला पाणी चालणार नाही.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या आणि मी तिला घेऊन गावाकडे गेले. काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब, वाकायचं नाही, चुलीपाशी बसायचं नाही. ती दिवसभर गोष्टी बघत फिरायची. बाजरीच्या पिठाचा रंग, भिंतीवरची मुंगी, स्वतःच्या हातावरच्या शिरा. गयाबाईला म्हणाली, “तू लय म्हातारी दिसायलीस.” गयाबाई म्हणाली, “आन तू आरशात बघितलंस का?” तिनं बघितलं नव्हतं. मग बघितलं आणि आरसा उलटा करून ठेवला.

त्या आठवड्यात गावाला वीज देणारी डीपी जळाली. नवी येईपर्यंत गाव अंधारात. लोक बेजार झाले, मोटारी बंद, गिरणी बंद, मोबाइल मेलेले. मला मात्र आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. अवसेला दोन-तीन दिवस राहिले होते. म्हणजे चंद्रही नाही.

गयाबाईच्या घराला पायऱ्या असलेला स्लॅब आहे. दिवेलागण होऊन गेल्यावर, जेवणं उरकून, आम्ही मायला धरून वर नेलं. स्लॅबवर सोयाबीन वाळत घातलं होतं. ते पायानं बाजूला सारून गयाबाईनं गोधडी अंथरली. माय उताणी पडली. मी तिचा काळा चष्मा काढून हातात घेतला.



खाली कुणाच्या तरी अंगणात पोरं ओरडत होती, लांब शेतात कुत्रं भुंकत होतं. मी तिच्याकडे बघत होते, आभाळाकडे नाही. तिचं तोंड जरासं उघडं होतं. तिनं हात वर केला, जसं आपण काहीतरी अंगावर येताना करतो, आणि मग तो हात तसाच हवेत ठेवून दिला. बऱ्याच वेळानं म्हणाली, “येवढ्या नव्हत्या.”

“काय?”

“लहानपनी येवढ्या नव्हत्या. वाढल्यात.”

“तेवढ्याच आहेत माय.”

“मंग मी नीट बघितलं नसंल.”

ती एकेक भाग घेऊन बघत होती, रान निंदताना तास धरावा तशी. मधूनच बोट करायची, हा तांबडा, हा निळा. गयाबाईला तिच्या सासूनं सांगितलेली नावं माहीत होती, ती सांगत होती. आणि एकदम मायचा आवाज बदलला.

“शिले. डोळ्यात डाग हाय.”

मी विचारलं, “कुठं?”

“हितं. ह्या अंगाला. समदं लख्ख दिसायलंय, पर हितं धुरकट हाय. ढग ऱ्हायलाय वाटतं डोळ्यात.” ती उठून बसली. “गेला का गं ह्यो बी?”

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं आठवायला लागलं. जंतू, सूज, पडदा सरकणं. उद्या सकाळची पहिली एसटी किती वाजता? कुणाची गाडी मिळेल का आत्ता? आणि त्या घाबरण्यातच मला, कसं कोण जाणे, एक साधी गोष्ट सुचली.

“माय, इकडं बघ. आता मान हळूहळू फिरव. तो डाग तुझ्या नजरेबरोबर फिरतोय का?”

तिनं मान फिरवली. पुन्हा फिरवली. “न्हाई. त्यो तितंच हाय. चांदण्यांपाशी.”

“डोळा मिटून उघड.”

“तितंच.”

म्हणजे तो डाग तिच्या डोळ्यात नव्हता. आभाळात होता. मी तिच्या मागं बसले, तिच्या बोटाच्या रेषेत ईशान्येकडे बघितलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती देवयानी होती. देवयानी दीर्घिका. आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची, नुसत्या डोळ्यांना दिसू शकणाऱ्या सगळ्यात दूरच्या गोष्टींपैकी एक. पुस्तकात तिचा रंगीत फोटो आहे. मी तिच्यावर रिकाम्या जागा भरायला दिल्या आहेत. पण बघितली मात्र नव्हती कधी. सरळ बघितलं तर निसटत होती, नजर जराशी बाजूला नेली की उमटत होती, फुंकर मारलेल्या राखेएवढी फिकट.

“तुझा डोळा चांगला आहे माय,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. “फार चांगला आहे.”

मग मी त्या दोघींना सांगितलं. की वर दिसतायत त्या सगळ्या चांदण्या आपल्या एका वस्तीतल्या आहेत, आणि तो धुरकट ठिपका ही दुसरी वस्ती आहे, तिच्यातही अशाच, याहून जास्त चांदण्या आहेत, पण इतक्या लांब की सगळ्या मिळून एवढासा धूर दिसतो. की तिथून निघालेला उजेड इथं पोचायला पंचवीस लाख वर्षं लागली. सगळ्यात वेगानं पळणारी गोष्ट उजेड, आणि तरी पंचवीस लाख वर्षं. आत्ता मायच्या डोळ्यात शिरलेला उजेड तेव्हाचा निघालेला.

“आन त्याच्या पल्याड?” मायनं विचारलं.

“तशाच आणखी वस्त्या.”

“त्याच्या पल्याड?”

“आणखी. मोजता येणार नाहीत इतक्या.”

“आन त्याच्या पल्याड?”

“माहीत नाही माय. तिथला उजेड अजून निघून पोचलेला नाही.”

तिनं पुन्हा त्या ठिपक्याकडे बघितलं. “त्यो उजेड तिकडून निघाला तवा आपलं गाव व्हतं का?”

“गाव कुठलं! आपल्यासारखी माणसंच नव्हती अजून.”

“मानसंच नव्हती,” ती स्वतःशी म्हणाली. मग म्हणाली, “म्हंजी ह्यो उजेड निघाला तवा कोनीच कोन्या जातीचं नव्हतं.”

गयाबाई इतका वेळ कठड्याला टेकून बसली होती. ती उठली, सोयाबीनवरून पाय देत आली, शेंगा तिच्या पायाखाली तडतडल्या, आणि मायच्या गोधडीवर तिला चिकटून आडवी झाली. म्हणाली, “मला बी दाव गं सोजर. मला कुठंच दिसंना.” मायनं तिचा हात धरला, तिची बोटं मिटवून एकच बोट सरळ केलं आणि ते आभाळाकडे नेलं. “सरळ बघू नको. जरा बाजूला बघ. दिसलं?”

“न्हाई.”

“आता?”

“... व्हय. व्हय गं. राखंवानी.”

मग आम्ही तिघी ओळीनं पडून राहिलो. मी आयुष्यात खूप वेळा आभाळ बघितलं असेल, पण त्या रात्री पहिल्यांदाच मला वाटलं की ते वर नाही. आपण जमिनीच्या पोटाला चिकटलो आहोत आणि खाली खोल, तळ नसलेलं काहीतरी आहे, आणि कुठल्याही क्षणी आपली पाठ सुटेल. मी नकळत गोधडीचं टोक मुठीत धरलं. विश्वाला शेवट आहे असं मनात आणलं तरी छाती दडपत होती, नाही असं आणलं तरी दडपत होती. दोन्हींपैकी एक खरं असणारच, आणि दोन्ही तितकीच अशक्य वाटत होती. आजही वाटतात. परभणीत माझ्या घराच्या गच्चीवरून आता मोजक्याच चांदण्या दिसतात. माय फोनवर विचारते, “आज तिकडं दिसायल्यात का?” मी म्हणते, थोड्या. ती म्हणते, “हायत समद्या. तुला दिसंनात म्हनून काय झालं.”

त्या रात्री तिला माझ्या मुठीचं कळलं असावं. तिनं अंधारात चाचपून माझा हात धरला.

“भ्या वाटायलंय का?”

“थोडं.”

“मला बी वाटायलंय,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, जवळजवळ खुशीतला. “पर वाटू दे. आजवर मला लय भ्या वाटलं, शिले. पान्याची, तापाची, मालकाची, लोकांची, ह्या डोळ्याची. समदं आपलं ल्हान ल्हान भ्या. येवढं मोठं भ्या पयल्यांदाच वाटायलंय.”

आणि तिनं डोळा मिटला नाही. बघत राहिली.